ओरिकासाबाईंचा सरळ शिक्का

तोमिको ओरिकासा यांना माणसं आवडत नसत असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. आजारी माणसं त्यांना चालायची. आजारी माणूस पडून असतो, खोटं बोलला तर नाडीवर कळतं, आणि बरा झाला की घरी जातो. त्यांना वावडं होतं ते धडधाकट माणसांचं, आणि त्यातही आमच्या नगरपालिकेच्या इस्पितळात पगार घेणाऱ्या धडधाकट माणसांचं. बाई तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. नोकरीला चौतीस वर्षं झाली होती आणि लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या. बापाचा धंदा किनाऱ्यावर माकली वाळवायचा. त्या वासात वाढल्यामुळे पुढे इस्पितळातल्या कुठल्याच वासाचं बाईंना काही वाटलं नाही. फक्त सुगंधी साबण लावून आलेला डॉक्टर जवळून गेला की त्या नाक मुरडायच्या.

डॉक्टर म्हणजे त्यांच्या मते दोन वर्षांचा पाहुणा. विद्यापीठ पाठवतं, तो येतो, गावातली खानावळ शोधतो, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची नावं पाठ होईपर्यंत त्याची बदली होते. व्यायाम करून घेणाऱ्यांना हसण्याचा पगार मिळतो, औषधवाल्याला गोळ्या मोजता येतात पण पेशंट मोजता येत नाहीत, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी स्वतः शिजवलेलं कुणी खाल्ल्याचं ऐकिवात नाही. हे सगळं बाई दुपारी स्टोअरमध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून भाताचे मुटके खाताना चिदाबाईंना सांगत. चिदाबाई स्टोअर सांभाळत. त्यांना ऐकायला आवडायचं आणि ऐकलेलं बाहेर न्यायची खोड नव्हती, म्हणून चौतीस वर्षांत बाईंची एवढी एकच मैत्री टिकली.

दोन वर्षांपूर्वी वसंतात आमचे संचालक तोगाशी सेन्दाईला दोन दिवसांच्या शिबिराला गेले. विषय होता आरोग्यसेवेतली भागीदारी आणि सर्वांनी मिळून करायचं नेतृत्व. गेले तेव्हा बरे होते. परत आले ते एक जाडजूड फाइल, रंगीत चिठ्ठ्यांची पेटी आणि डोळ्यांत नवी चमक घेऊन. पहिल्याच आठवड्यात हुकूम निघाला की यापुढे डॉक्टरांना मानाने सेन्सेई म्हणायचं नाही. सगळे समान, सगळ्यांच्या नावापुढे नुसतं साधं सान लावायचं. परिणाम असा झाला की लोकांनी संचालकांना हाक मारणंच बंद केलं. काही काम पडलं तर त्यांच्या समोर जाऊन उभे राहायचे आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत खोकायचे.

मग बैठकीच्या खोलीतलं लांब टेबल भंगारात गेलं आणि गोल टेबल आलं. गोल टेबलाला वरची बाजू नसते, सगळे सारखे, असं तोगाशींनी समजावून सांगितलं, आणि ते दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या एका बाजूला मोठे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला धाकटे, मग औषधवाले, असं करत करत दाराशी कोण तर वॉर्डाची सिस्टर. टेबल गोल झालं तरी बाईंच्या पाठीला दाराचा वारा होता तसाच लागत राहिला. "टेबल बदललं, बसणारे तेच," बाई चिदाबाईंना म्हणाल्या.

रंगीत चिठ्ठ्यांचं प्रकरण तर विचारू नका. महिन्यातून एकदा सगळ्यांनी शेजाऱ्याचे तीन गुण चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावायचे. बाईंच्या वाट्याला औषधवाले आले. बाईंनी लिहिलं, 'वेळेवर येतात. वेळेवर जातात. मधल्या वेळेत दिसत नाहीत.' तोगाशींनी ती चिठ्ठी वाचली, हसल्यासारखं केलं आणि बरीच खाली लावली.

या सगळ्या सोंगाचा कळस होता तो पत्रकाचा. प्रत्येक पेशंटमागे एक संयुक्त पत्रक निघायचं. त्यावर पेशंटचं काय करायचं ठरलं ते लिहायचं आणि खाली आठ रकाने, आठ खात्यांचे. पत्रक उजवीकडून फिरायला सुरुवात व्हायची. पहिला रकाना वॉर्डाचा, मग एकेक पायरी चढत शेवटचा, अगदी डावीकडचा, संचालकांचा. ज्याने त्याने आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा. आणि शिक्का मारण्याची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. खालचा माणूस आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारतो, म्हणजे वरच्या साहेबापुढे नाव वाकून उभं आहे असं दिसतं. सात रकाने कमरेत वाकलेले, आठवा ताठ. समानतेच्या पत्रकावरसुद्धा हाच प्रकार, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

बाईंचा शिक्का मात्र सरळ असायचा. चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही तो वाकडा मारला नव्हता. सुरुवातीला यावरून कुजबुज झाली होती, एका जुन्या मेट्रनने बोलावून झापलंही होतं. बाई बधल्या नाहीत. पुढे पुढे त्याची दंतकथाच झाली. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी सांगायचे: लिफ्ट दुपारी अडकते, सोबा नूडल्सच्या दुकानात गुरुवारी जाऊ नये, आणि ओरिकासाबाईंचा शिक्का सरळ असतो. बाईंच्या कानावर हे आलं की त्या तोंडाने "काहीतरीच" म्हणायच्या, पण आतून त्यांना ते फार आवडायचं.

गेल्या नोव्हेंबरात गेन्किची उसुझावा वॉर्डात आले. वय एकोणऐंशी, उभा जन्म समुद्रात वाकामे शेवाळाची शेती केलेला माणूस. सकाळी दोऱ्या सोडवताना हातातून दोरी सुटली आणि तोंड एका बाजूला गेलं. पक्षाघाताचा झटका सौम्य होता. हातपाय आठवड्याभरात हलायला लागले, बोलणं जरा जड राहिलं. पण पहिल्याच दिवशी पेज श्वासनलिकेत गेली, छातीत कफ झाला, आणि तोंडाने काही द्यायचं नाही अशी पाटी खाटेला लागली. सलाईनवर दिवस जायला लागले. म्हाताऱ्याचं एकच म्हणणं होतं. घरी जायचंय आणि फुकीच्या हातचं जेवायचंय. फुकी म्हणजे त्यांची बायको, चौऱ्याहत्तर वर्षांची, रोज दुपारच्या बसने यायची आणि झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत दिसेल त्याला कमरेत वाकून नमस्कार करायची.

शुक्रवारी गिळण्याची चाचणी झाली. धाकटे डॉक्टर हिरुता यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला, गिळायला शिकवणाऱ्या नुकुईबाईंनी चमच्याने निळी जेली दिली. जेली घशात रेंगाळली आणि भलत्या वाटेला लागली. चाचणी नापास. बाई त्या वेळी दाराशी उभ्या होत्या आणि त्यांना एक गोष्ट दिसत होती. म्हाताऱ्याची कवळी तोंडात नव्हती. दाखल केलं त्या दिवशी काढून डबीत घातलेली ती कवळी खाटेशेजारच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि त्या डबीवर बाईंच्याच अक्षरात नाव होतं. दात नसलेल्या माणसाची जीभ कुठे टेकणार आणि घास कसा मागे जाणार? बाई काही बोलल्या नाहीत. त्या मनात म्हणाल्या, एवढे पदवीधर जमलेत, बघू कुणी तोंडात डोकावतं का.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाई औषधांची ट्रॉली घेऊन चालल्या होत्या. पडद्याच्या फटीतून त्यांना फुकी दिसली. तिने नवऱ्याच्या तोंडात कवळी बसवली, पदराखालून काढावं तसं पिशवीतून एक डबा काढला, आणि घरच्या झाडाचं, पिकून लिबलिबीत झालेलं पर्सिमॉनचं फळ चमच्याने भरवायला लागली. नियमाप्रमाणे बाईंनी तिथल्या तिथे पडदा सारून चमचा काढून घ्यायला हवा होता. त्या थांबल्या. कान देऊन ऐकलं. सात चमचे. एकही ठसका नाही. मागाहून म्हातारा "गोड आहे" म्हणाला तेव्हा आवाज कोरडा ठणठणीत होता; घशात काही साचलं की आवाज ओला येतो, तसं काही नव्हतं. म्हणजे दात घातल्यावर माणूस व्यवस्थित गिळत होता. बाईंनी ट्रॉली आवाज न करता मागे घेतली.

आता हे कुठे तरी लिहायला हवं होतं, नाही तर निदान हिरुतांना फोन करायला हवा होता. बाईंनी काय केलं, तर चिदाबाईंना सांगितलं. "बिनदातांच्या माणसाला चावायला लावलं आणि नापास केलं," त्या म्हणाल्या, "उद्या आंधळ्याला पुस्तक देतील आणि अडाणी म्हणतील." चिदाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या मुटक्यातला आलुबुखारा खाली पडला. बाईंनाही छान वाटलं. कितीतरी दिवसांत एवढा चांगला मासला हाती लागला नव्हता.

सोमवारी गोल टेबलाभोवती बैठक झाली. हिरुतांनी चाचणीचं चित्र दाखवलं आणि सांगितलं की तोंडाने खाणं धोक्याचं आहे, पोटाला भोक पाडून नळी बसवावी, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. नळी बसल्यावर घरी म्हातारीला जमणार नाही, म्हणून मग लांबच्या निवासी केंद्रात जागा बघावी. तोगाशींनी शिबिरात शिकल्याप्रमाणे सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

"कुणाचं काही वेगळं मत?"

सगळे टेबलाकडे बघत होते.

"अगदी मोकळेपणाने. इथे वर-खाली कुणी नाही."

औषधवाल्यांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"तर मग शेवटचं विचारतो. काही?"

तीनदा विचारायचं असं त्या फाइलमध्ये लिहिलेलं असणार, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना हसू आवरेना. त्या तोंडावर हात धरून खोकल्या. बोलायचं म्हटलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. पण ज्या बैठकीला त्या नाटक समजत होत्या तिच्यात खरं वाक्य बोलणं म्हणजे त्यांना नाटकात काम केल्यासारखं वाटलं असतं. शिवाय या शहाण्यांना एकदा तोंडावर आपटू द्यावं अशीही इच्छा होती. ती इच्छा त्यांनी त्या दिवशी स्वतःपाशीसुद्धा कबूल केली नाही. मंगळवारी पत्रक वॉर्डात आलं. रोजच्या बारा कागदांत तेही एक. बाईंनी शिक्का लाल शाईत टेकवला आणि पहिल्या रकान्यात मारला, ओळंब्यात, सरळ. कागद वाचला नाही. काय वाचायचंय त्यात, मूर्खांनी लिहिलेलं.

पुढच्या आठवड्याचा बुधवार उजाडला. उद्या नळी. बाई तयारी बघायला खोलीत गेल्या. वजनकाट्यावर म्हातारा त्रेपन्नाचा पन्नास झाला होता. ऑपरेशनला जाताना कवळी सोबत पाठवायची नसते, म्हणून बाईंनी ती डबी ड्रॉवरमधून काढली आणि वेगळी ठेवायला निघाल्या.

"सिस्टर," म्हातारा म्हणाला, "टाकून द्या ते."

"काय टाकून द्या?"

"दात. आता काय काम त्यांचं."

"असं कसं, आजोबा."

"घरी काही मी जात नाही. कुणी बोललं नाही, पण कळतं." मग थोडा वेळ शब्द जुळवून म्हणाला, "फुकीला सांगू नका हां टाकले म्हणून. तिने पैसे साठवून करून दिले होते."

बाई डबी हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांना राग आला, आणि नेहमीप्रमाणे तो दुसऱ्यांचा आला. आठ जण मिळून एका माणसाचं तोंड बंद करताहेत आणि एकालाही अक्कल नाही. आता एकेकाला धरून तासते, असं म्हणून त्या जिना उतरल्या. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही.

पहिल्या सापडल्या नुकुईबाई. एकतिसाव्या वर्षीही त्या बोलताना विद्यार्थिनीसारख्या उभ्या राहायच्या.

"डोळे कुठे ठेवून चाचणी घेतलीत?" बाईंनी डबी टेबलावर आपटली. "हे बाहेर असताना जेली भरवत होतात तुम्ही."

नुकुईबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटातून पत्रकाची प्रत काढून बाईंपुढे ठेवली. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात शेरा होता: चाचणी कवळीशिवाय झाली, कवळी घालून पुन्हा घेण्याचा विचार व्हावा.

"मी लिहिलं होतं, सिस्टर, पत्रक तयार होतानाच."

"लिहून काय उपयोग? बोललात का नाही?"

"बोलणार होते. बैठकीत धीर झाला नाही, आणि पत्रक माझ्याकडे आलं तेव्हा तुमचा शिक्का होता ना आधीच." त्या खाली बघत म्हणाल्या, "सरळ होता. मला वाटलं, तुम्ही शेरा वाचलाय, कवळी घालूनही बघितलं असणार, आणि तरीही जमत नाहीये. तुम्ही काही उगाच शिक्का मारणार नाही."

"बरं," एवढंच म्हणून बाई आहारतज्ज्ञ बाईंकडे गेल्या.

"मलाही वाटलं होतं, मऊ खाणं देऊन बघावं एकदा," त्या म्हणाल्या, "पण ओरिकासाबाईंच्या वॉर्डात असं काही राहून जात नाही म्हणतात सगळे. मग मी कशाला मध्ये नाक खुपसू?"

औषधवाल्यांनी तर पत्रक उघडलंही नव्हतं. "तुमचा रकाना बघितला आणि मारला," त्यांनी सरळ सांगितलं. "चिठ्ठीवर माझ्याबद्दल जे लिहिलं होतंत ते खोटं नाही, बाई. पण तुमच्याबद्दल मी चांगलं लिहिलं होतं."

तिथून बाहेर पडल्यावर तासायचा विचार बाईंच्या डोक्यातून गेला होता. त्या जिन्यात मध्येच थांबल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चौतीस वर्षं ज्यांना आपण फुकटे, बिनडोक, पाट्या टाकणारे म्हणत आलो ते सगळे आपल्या एका शिक्क्यावर टेकून बसले होते, आणि तो शिक्का आपण न बघता मारला होता. ज्याला नुकुईबाई खात्री समजल्या ती नुसती मिजास होती. आणि न बोलण्याचं म्हणाल तर, बाकीच्यांना माहीत नव्हतं म्हणून ते बोलले नाहीत. आपल्याला माहीत होतं. बाईंना स्वतःची किळस आली, अगदी तशीच, जशी त्यांना इतरांची यायची.

हिरुता डॉक्टर खोलीत उभ्यानेच कपातल्या नूडल्स खात होते. बाईंनी दार लावून घेतलं.

"डॉक्टर, उसुझावा आजोबांनी त्या शनिवारी पर्सिमॉन खाल्लं. बायकोच्या हातून, कवळी घालून. मी बघितलंय."

हिरुतांनी कप खाली ठेवला. "किती?"

"सात चमचे."

"ठसका?"

"एकही नाही."

"आवाज?"

"कोरडा."

हिरुतांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "अकरा दिवस झाले, सिस्टर."

"हो."

"मला इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. सरळ शिक्का दिसला की डोळे मिटून पुढे जा. मी गेलो." त्यांनी तोंड पुसलं. "माझंही चुकलंच. तोंडात मी पण बघितलं नाही. आता काय करायचं म्हणता?"

"मला शिक्का मागे घ्यायचाय."

असं आमच्या इस्पितळात कधी झालं नव्हतं. चुकलेल्या अक्षरावर दोन रेघा ओढून बाजूला शिक्का मारता येतो, पण शिक्काच खोडायचा तर वरचे सातही रद्द होतात आणि सगळ्यांनी नव्याने मारावे लागतात. कचेरीतल्या कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, त्याचा फॉर्म नाही. हिरुता म्हणाले, "चला, मी येतो तुमच्याबरोबर." बाईंना कुणी आजवर बरोबर येतो म्हटलं नव्हतं, कारण त्यांनी कधी कुणाला बोलावलं नव्हतं. जाताना नुकुईबाईही मागून आल्या.

तोगाशींनी ऐकून घेतलं. आधी त्यांचं लक्ष पत्रकाकडे होतं. "आठही शिक्के पुन्हा? ऑपरेशनची वेळ ठरलेली आहे, केंद्रात जागेचं बोललो आहोत. नळी घालूनही पुढे तोंडाने प्रयत्न करता येतोच की."

"साहेब," बाई म्हणाल्या, सान म्हणायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, "मी न वाचता शिक्का मारला. आणि मला माहीत असताना गप्प बसले. तुम्ही तीनदा विचारलं होतं."

तोगाशींनी चष्मा काढला. "मी तर तुमच्या सगळ्यांचे शिक्के बघून मारला."

"आम्ही सिस्टरांचा बघून," हिरुता म्हणाले.

"मग पत्रक वाचलं कुणी?"

"नुकुईंनी," बाई म्हणाल्या. "त्यांनी लिहिलंसुद्धा होतं. खाली आहे बघा, बारीक."

तोगाशींनी चष्मा चढवून तो शेरा वाचला. दोनदा वाचला. त्यांच्याबद्दल बाईंचं मत फारसं चांगलं कधीच नव्हतं, पण त्या क्षणी त्या माणसाने कुणालाही दोष दिला नाही, फोन उचलला आणि उद्याचं ऑपरेशन रद्द केलं. मग फाइलकडे बघत पुटपुटले, "शिबिरात यातलं काही नव्हतं."

गावातल्या दंतवैद्याने येऊन सैल झालेली कवळी बसती करून दिली आणि शुक्रवारी पुन्हा चाचणी झाली. हिरुतांच्या हातात कॅमेरा, नुकुईबाईंच्या हातात चमचा, आणि बाईंनी म्हाताऱ्याचे खांदे मागून धरलेले. मान किती झुकवायची हे बाई सांगत होत्या, केव्हा थांबायचं हे नुकुईबाई. एकदा म्हातारा खोकला तेव्हा नुकुईबाईंनी चमचा मागे घेतला. मग पडद्यावर निळी जेली नीट आपल्या वाटेने गेली. दुसऱ्या आठवड्यात मऊ भात, तिसऱ्यात शिजवलेला मासा.

तोगाशींना हे प्रकरण फार आवडलं. त्यांनी त्याचा एक मोठा फलक करवून घेतला, दर्शनी भागात लावला, आणि मासिक सभेत बाईंना दोन शब्द बोलायला उभं केलं. बाई म्हणाल्या, "मी न वाचता शिक्का मारला. बाकीच्यांनी माझा शिक्का वाचला. एवढंच झालं." टाळ्या पडल्या. सभेच्या टिपणात नोंद झाली की ओरिकासा-सान यांनी अत्यंत विनयाने मनोगत व्यक्त केलं. या इस्पितळात खरं बोलूनही काही साधत नाही, असं बाई चिदाबाईंना म्हणाल्या. त्या वेळी मात्र चिदाबाई हसल्या नाहीत.

डिसेंबरच्या मध्यावर उसुझावा घरी निघाले. पेशंट जाताना ज्यांनी ज्यांनी त्याचं केलं ते सगळे दाराशी रांगेत उभे राहतात. पुतण्याच्या गाडीत म्हातारा पुढे बसला, दात घालून, हसत. फुकी एकेकापाशी थांबून वाकत होती आणि खारवलेल्या वाकामेचं एकेक पाकीट हातात देत होती. इस्पितळात भेटी घ्यायची मनाई आहे, पण गावात वाकामेला कुणी भेट समजत नाही. बाईंपाशी ती सगळ्यात जास्त वेळ थांबली.

"सिस्टर, तुम्ही शिक्का मागे घेतलात म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं. तुमच्यामुळे हे घरी चाललेत." तिने बाईंचा हात धरला. "तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही."

नुसतं मान लववून उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. शेजारी नुकुईबाई होत्या, पलीकडे हिरुता, कुणीही काही बोलणार नव्हतं.

"उसुझावाबाई," बाई म्हणाल्या, "मला आधीपासून माहीत होतं."

"काय?"

"त्या शनिवारी तुम्ही पर्सिमॉन भरवत होतात. मी पडद्याआडून बघितलं. सात चमचे. त्यांनी नीट गिळलं. मी अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही."

फुकीला ते समजायला वेळ लागला. तिने बाईंचा हात सोडला.

"नीट गिळलं होतं?"

"हो."

"म्हणजे त्याने काही झालं नव्हतं?"

"त्याने काहीच झालं नव्हतं."

"आणि मला वाटलं, माझ्यामुळेच नळीची पाळी आली." तिचा आवाज चढला नाही. "शनिवारी मी भरवलं आणि सोमवारी म्हणाले नळी. रोज सकाळी देव्हाऱ्यात, गेलेल्या सासू-सासऱ्यांपुढे भात ठेवताना माफी मागत होते मी. सासूबाईंनी लावलेलं झाड होतं ते पर्सिमॉनचं. नजरेसमोर नको म्हणून पुतण्याकडून तोडून घेतलं."

माफ करा हा शब्द बाईंच्या तोंडात तयार होता, पण तो इतका लहान होता की त्यांना काढवेना.

फुकीने पिशवीत हात घातला, बाईंच्या नावाचं पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं.

"मोजून बांधली होती," ती म्हणाली. "उरवून काय करू."

मग ती पुढे सरकली आणि नुकुईबाईंपुढे कमरेत वाकली.